गेलेले, राहिलेले आणि मधला हिशेब

परदेशात जाऊन नातेवाइकांकडे उतरणारा माणूस मुळात घर सोडतच नाही, असे एक सुभाषित सध्या आमच्या वर्तुळात फिरते आहे. त्याचे कर्ते माझे जुने स्नेही. अर्धे जग पालथे घातलेले, प्रवास या विषयावर अधिकाराने बोलणारे आणि त्या अधिकाराची समोरच्याला अधूनमधून आठवण करून देणारे. त्यांचे नाव घेत नाही. न घेतल्याचा त्यांना जास्त राग येईल. एका व्याख्यानमालेत त्यांनी हे वाक्य टाकले, टाळ्या घेतल्या आणि पुराव्यादाखल दोन आरोपी उभे केले. पहिले, मुलाकडे न्यू जर्सीत सहा महिने राहून कॉस्टको आणि बालाजीचे देऊळ एवढीच अमेरिका पाहून परतलेले एक आजोबा. दुसरा, ‘आयर्लंडला जाऊन मोहरचे जगप्रसिद्ध कडे न पाहता भाचीच्या सासरच्या गाई पाहून आलेला एक मराठी लेखक’. हा दुसरा आरोपी मी.

आरोप वस्तुस्थितीला धरून आहे. कडे मी पाहिले नाहीत, आणि त्या घरापासून ते मोटारीने फार लांब नव्हते हेही खरे. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. व्याख्यानाला उत्तर देण्याची सोय श्रोत्यांत नसते. दिवाळी अंकात असते.

स्नेह्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा. प्रवास म्हणजे अनोळखी जगाशी गाठ. ओळखीचे माणूस भेटले की ती गाठ सुटते आणि माणूस पुन्हा वरणभात, चौकश्या आणि कोणाचे कुठे जमले यांत अडकतो. या म्हणण्यामागे एकट्याने पायपीट करणाऱ्या, पाठीवर पडशी टाकलेल्या युरोपीय भटक्यांचे सगळे घराणे उभे आहे. ते घराणे सर्वांच्या परिचयाचे आहे, त्याची वंशावळ इथे उगाळत नाही. मी फक्त एवढेच विचारतो, की हे भटके खेड्यात गेले तेव्हा त्यांना काय दिसले?

शहराची बांधणीच मुळी अनोळखी माणसाला धरून झालेली असते. हॉटेल, खानावळ, संग्रहालय, तिकिटाची खिडकी, बसायला बाक. पैसे टाकले की दार उघडते. शेतीच्या मुलखात उपऱ्यासाठी फक्त रस्ता असतो, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कुंपण. आयर्लंडमध्ये तर ते कुंपण दगडी किंवा काटेरी झुडपांचे, डोक्याच्या वर गेलेले. काचेतून हिरवळ दिसते. त्या हिरवळीमागे कोणावर किती कर्ज आहे, कोणता भाऊ कोणत्या भावाशी बोलत नाही, धाकटा ऑस्ट्रेलियाला जाऊन का बसला, हे कळायचे तर स्वयंपाकघरात बसावे लागते. आणि तिथे पैसे टाकून बसता येत नाही. तिथे नाते लागते, मग ते कितीही ओढूनताणून आणलेले असो.

माझे नाते तसेच होते. आतेबहिणीची मुलगी डब्लिनमध्ये नोकरीला असताना तिने क्लेअर परगण्यातल्या एका दूधवाल्या शेतकऱ्याच्या मुलाशी लग्न केले. मी तिचा मामा, म्हणून त्या घरालाही मामाच. आम्ही गेलो तो जूनचा सुमार होता आणि कड्यांवर जायचे ठरलेही होते. आदल्या रात्री कंत्राटदाराचा निरोप आला, की पाऊस जरा लांबला आहे, उद्या गवत कापायला घेतो. तिकडे हिवाळाभर गाई गोठ्यात असतात. त्या दिवसांसाठी उन्हाळ्यात गवत कापून मुरवून ठेवायचे. आपल्याकडे ज्याला मुरघास म्हणतात तेच. ट्रेलरमागून ट्रेलर येतो आणि तीन बाजूंनी भिंती असलेल्या सिमेंटच्या खळग्यात गवत ओततो. लोडर वरून फिरून ते दाबतो, हवा काढतो. मग त्यावर काळे प्लास्टिक अंथरायचे आणि हवा आत शिरू नये म्हणून प्लास्टिकवर जुने टायर रचायचे. एखाददुसरा नव्हे, सबंध डोंगर झाकेल इतके. टायरच्या पोटात वर्षभराचे पाणी साचलेले असते. उचलला की ते हमखास उचलणाऱ्याच्या मांडीवर येते, आणि त्याचा वास दोन धुण्यांत जात नाही.

त्या दिवशी घरातले प्रत्येक माणूस टायरांना लागले. भाचीच्या सासूबाई, म्हणजे नात्याने आमच्या विहीणबाई, सत्तरी उलटलेल्या. त्या कंत्राटदाराच्या माणसांसाठी चहा आणि सँडविच घेऊन अंगणात आल्या. माझ्याकडे त्यांनी एकदा पायापासून वर पाहिले, दारामागचे गमबूट काढून माझ्यापुढे ठेवले आणि भाचीला विचारले, ‘‘मामांची तिकडे जमीन आहे का?’’ आहे म्हटल्यावर पुढचा प्रश्न सरळ मला आला. ‘‘किती एकर?’’

मला उत्तर देता आले नाही. का, ते पुढे येईल. पण त्या क्षणी एक गोष्ट लख्ख कळली आणि तीच माझी स्नेह्यांविरुद्धची पहिली बाजू. पर्यटक पाहायला जातो. नात्याचा माणूस दाखवायला जातो, आणि जे दाखवायचे ते म्हणजे तो स्वतः. त्याला निरखतात, जोखतात, कामाला लावतात, कोणावर गेलाय ते ठरवतात. अनोळखी जगाशी गाठ हवी असेल तर याहून मोठी गाठ कोणती? कडे मला काहीही विचारणार नव्हते.

०००

इथे माझ्या आवडत्या माणसाला बोलावतो. वाचकांनी थोडी कळ काढावी. हे गृहस्थ आले की लवकर उठत नाहीत.

इमॅन्युएल कांट १७२४ साली कोनिग्सबर्गला जन्मला आणि १८०४ साली तिथेच वारला. मधल्या सगळ्या काळात तो आपल्या पूर्व प्रशियाच्या बाहेर म्हणावा असा पडलाच नाही. पण विद्यापीठात त्याने चाळीस वर्षे भूगोल शिकवला, आणि तोही साऱ्या पृथ्वीचा. आमच्या स्नेह्यांच्या मोजपट्टीने तो प्रवासी म्हणून शून्य. आणि याच माणसाने १७९५ साली, सत्तरी ओलांडल्यावर, ‘चिरंतन शांतते’वर एक लहानशी पुस्तिका लिहून प्रवाशाच्या हक्काचे सर्वांत नेमके कलम मांडले.

कलम असे. परक्या मुलखात पाऊल ठेवणाऱ्या माणसाला केवळ तो परका आहे म्हणून शत्रूसारखे वागवता येणार नाही. त्याला परत पाठवता येईल, पण परत पाठवल्याने त्याचा जीव जाणार असेल तर नाही. मात्र त्याला पाहुणा म्हणून ठेवून घ्या, असे तो हक्काने म्हणू शकत नाही. काही काळ घरचा होऊन राहायचे तर त्यासाठी वेगळा, आपखुशीचा करार हवा. हक्क आहे तो फक्त येऊन भेटण्याचा. आणि तो कशामुळे? तर पृथ्वी गोल आहे म्हणून. सपाट आणि अमर्याद असती, तर माणसे एकमेकांपासून लांब लांब पांगत गेली असती. गोल असल्यामुळे कितीही दूर गेले तरी कोणीतरी भेटणारच, आणि तिच्या पाठीवर मुळात कोणाचाच हक्क दुसऱ्यापेक्षा जास्त नाही.

या कलमाचा मी जुना भक्त आहे, कारण त्यात कोठेही गहिवर नाही. अतिथी देवो भव नाही, वसुधैव कुटुंबकम् नाही. आपल्याकडे जगाला कुटुंब म्हणण्याची फार हौस. भाषणाच्या शेवटी ते म्हटले की माणूस मोटारीत बसायला मोकळा. कांट जगाला कुटुंब म्हणत नाही. कुटुंब नसलेल्या माणसांनी एकमेकांशी किमान कसे वागावे, एवढेच तो सांगतो. शिवाय भेटीच्या नावाखाली काय चालले होते हेही तो त्याच पानांवर लिहितो: युरोपातल्या व्यापारी राष्ट्रांच्या लेखी परक्या देशाला भेट देणे आणि तो जिंकणे यांत फरकच नाही, हिंदुस्थानात वखारी घालतो म्हणून हे शिरले आणि मागून सैन्य आणले. चीन आणि जपान यांनी या पाहुण्यांना दारातच रोखले, ते शहाणपणाने केले असे त्याचे मत. १७९५ साली, जर्मन भाषेत, हे लिहिणारा माणूस मला कोणत्याही जगप्रवाशापेक्षा जास्त फिरलेला वाटतो.

पण कांटला घेऊन मी स्नेह्यांवर चाल करायला निघालो आणि अर्ध्या वाटेत कांटच आडवा आला. त्याच्या योजनेत दोनच माणसे आहेत: परका, ज्याला भेटीचा हक्क आहे, आणि करार करून राहणारा, ज्याला घरात जागा आहे. तिसरा, जो कोणताही करार न करता, काही न विचारता पिशवी घेऊन दारात उभा राहतो आणि ज्याला परत पाठवणे शक्य नसते, त्याचे काय? मामाचे काय? चुलत-चुलत भावाचे काय? त्याला कांटच्या घरात खोली नाही.

आणि इथे त्याचे चरित्र आठवते. कांटचे वडील घोड्यांचे चामडी साज बनवणारे कारागीर. बहिणींनी लोकांच्या घरी मोलमजुरी केली, कष्टकरी घरांत लग्ने केली आणि त्या त्याच गावात राहत होत्या. तरी वर्षानुवर्षे तो त्यांच्याकडे गेला नाही. धाकटा भाऊ दूर कुरलँडमध्ये पाद्री होता. तो पत्रे लिहून लिहून थकला. इतकी वर्षे दुरावा कशाला, असे विनवीत राहिला. थोरल्याची उत्तरे क्वचित आणि कोरडी. पण पैसा? पैसा बहिणींना जात होता, भावंडांच्या कुटुंबांसाठी मृत्युपत्रात तजवीजही होती. त्याच्या जेवणाच्या टेबलावर रोज पाहुणे असत, जेवणारी मंडळी तिघांपेक्षा कमी नको आणि नवांपेक्षा जास्त नको असा त्याचा दंडक होता, आणि त्या पाहुण्यांत बहिणी नव्हत्या. शेवटच्या आजारात मात्र एक बहीण येऊन त्याच्यापाशी राहिली. साऱ्या पृथ्वीला भेटीचा हक्क देणाऱ्या माणसाने आपल्या गल्लीत तो वापरला नाही. मनीऑर्डर नेमाने, पाय मात्र उंबऱ्याला लागत नाही: असे कांट आमच्या कोकणात प्रत्येक वाडीत दोन-तीन निघतील.

हे मी त्याला कमी लेखायला लिहीत नाही. मला वाटते, त्याला पक्के ठाऊक होते. परक्याशी वागण्याचे नियम लिहिता येतात. बहिणीच्या घरी गेले तर ती काय विचारील आणि आपल्याला काय उत्तर द्यावे लागेल, याचा नियम लिहिता येत नाही.

०००

आता स्नेह्यांचा दुसरा बाण. गेब्रिएल बर्न या आयरिश नटाचा दाखला त्यांनी दिला होता. प्रकरण असे. २०१० च्या अखेरीस आयर्लंडच्या बँका आणि सरकार कोलमडले, युरोपीय संघ आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून कर्ज घ्यावे लागले. मग पर्यटन खात्याच्या डोक्यातून ‘द गॅदरिंग’ निघाले. २०१३ हे वर्ष जगभर पसरलेल्या आयरिश वंशाच्या माणसांना घरी बोलावण्याचे. गावोगावी कुळांचे मेळावे, आडनावांचे मेळावे, चुलत भावंडांना आमंत्रणे. बर्न हा त्याआधी आयर्लंडचा सांस्कृतिक राजदूत राहिलेला. त्याने २०१२ च्या शेवटी रेडिओवर सरळ सांगितले, की ही चक्क लूट आहे. एरवी तुम्हाला या माणसांची आठवण नसते, आता त्यांच्या खिशाची झाली. सरकार चिडले, वर्तमानपत्रे दुभंगली. स्नेही म्हणतात, बघा, नातेवाइकांकडे जाणे म्हणजे शेवटी पर्यटनच, आणि तेही फसवे.

बर्नच्या बाजूने पुरावे भरपूर आहेत आणि ते मोठे विनोदी आहेत. १९८४ साली रोनाल्ड रेगन टिपररी परगण्यातल्या बॅलीपोरीन या पूर्वजांच्या गावी गेले. तिथल्या एका मद्यालयाला त्यांचे नाव दिले होते. पुढे ते बंद पडले, तेव्हा त्याचे अंतरंग उचलून कॅलिफोर्नियातल्या रेगन ग्रंथालयात नेऊन बसवले. म्हणजे भेट द्यायला आलेल्या माणसाने भेटीचे ठिकाणच घरी नेले. २०११ साली बराक ओबामा ऑफली परगण्यातल्या मनीगॉलला गेले. त्यांचे खापरपणजोबांच्याही आधीचे पूर्वज १८५० साली तिथून निघालेले. आठव्या पिढीचा एक चुलत भाऊ शोधून हजर करण्यात आला, बिअर झाली, छायाचित्रे झाली, आणि २०१४ साली महामार्गावर पेट्रोलपंप आणि खानावळींचा एक थांबा उभा राहिला, त्याचे नाव बराक ओबामा प्लाझा.

पण १९६३ सालची भेट वेगळी होती. जॉन केनेडी वेक्सफर्ड परगण्यातल्या डनगन्सटाउनला गेले. दुष्काळाच्या काळात पणजोबा जिथून निघाले, त्याच शेतावर राहणाऱ्या चुलत बहिणीने अंगणात चहा आणि सामन माशाची सँडविच मांडली. केनेडींनी चहाचा कप उंचावला तो दोघांच्या नावाने: जे केनेडी गेले त्यांच्या, आणि जे राहिले त्यांच्याही. राजकारणी माणसाचे वाक्य, ठरवून आणलेले असेलही. पण माझे विचार तिथून दुसऱ्या दिशेला वळले. तोवर मी पाहुण्याचीच बाजू मांडत होतो: त्याला काय कळते, त्याला कोण जोखते. जे राहिले, त्यांच्या बाजूने ही भेट दिसते तरी कशी?

याचे उत्तर ज्याने शोधले तो कॉनरॅड आरेन्सबर्ग. हार्वर्डचा हा मानववंशशास्त्रज्ञ १९३० च्या दशकात नेमका क्लेअर परगण्यातच जाऊन राहिला, आणि १९३७ साली त्याचे ‘द आयरिश कंट्रीमन’ आले. त्याने दाखवले ते असे. १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळाने आयर्लंडची सुमारे ८२ लाखांची वस्ती दहा वर्षांत ६५ लाखांवर आणली. १८४१ चा आकडा ते बेट अजून गाठू शकलेले नाही. त्या भयातून शेतकरी एक गोष्ट शिकला: जमिनीचे तुकडे करायचे नाहीत. शेत एकाच मुलाला. तो लग्न करतो, म्हातारे आईवडील पश्चिमेच्या खोलीत सरकतात, सुनेचा हुंडा एखाद्या बहिणीच्या लग्नाला किंवा भावाच्या बोटीच्या तिकिटाला जातो. बाकीच्यांनी निघायचे. निघण्याच्या आदल्या रात्री शेजारीपाजारी जमून रात्र जागवीत, मयताच्या घरी जागवतात तशी. कारण गेलेला परत दिसणार नाही हे सर्वांना ठाऊक असे. मग अमेरिकेहून पत्र येई, पत्रात डॉलर असत, आणि त्या डॉलरवर पुढच्या भावंडाचे तिकीट निघे.

म्हणजे जाणारा आणि राहणारा हे एकाच व्यवहाराचे दोन पक्ष. एकाने जमीन घेतली, दुसऱ्याने जग. राहिलेला म्हणतो, तू सुटलास. गेलेला म्हणतो, मला काढलेत. दोघांचेही खरे. या व्यवहाराची पावती कोणाकडेच नसते. म्हणून तीन पिढ्यांनी कोणी अमेरिकन अंगणात उतरला, तर घरातल्यांच्या मनात पहिला प्रश्न प्रेमाचा नसतो. हा का आला आहे, हा असतो. जॉन फोर्डच्या ‘द क्वाएट मॅन’ या १९५२ च्या गाजलेल्या चित्रपटाचा नायक पिट्सबर्गहून येऊन आपले जुने घर विकत घेतो आणि त्या जमिनीवर डोळा ठेवून असलेल्या शेजाऱ्याशी त्याचे वैर जडते. निसर्गसौंदर्यासाठी पाहिल्या जाणाऱ्या या चित्रपटाच्या मुळाशी सातबाराच आहे.

०००

आणि आता ‘किती एकर?’ या प्रश्नाला मी गप्प का बसलो, ते.

सिंधुदुर्गातल्या आमच्या मूळ घराच्या उताऱ्यावर पन्नासाच्या आसपास नावे आहेत. काही माणसे वारली, त्यांचे वारस लागले. काहींचे लागायचे आहेत. २००५ च्या कायद्याने मुलींचा हक्क पक्का झाला, हे योग्यच झाले, आणि नावे वाढली. त्यांतली काही मुंबईत, काही पुण्यात, दोन कुवेतला, एक टोरांटोला. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला इथे शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वारसाहक्काने नाव लागायला अडचण नाही. या सगळ्यांत प्रत्यक्ष घरात राहणारे कुटुंब एक. दर मेमध्ये शिडीवर चढून कौले परतणारा चुलत भाऊ एक. घरपट्टी तो भरतो, देवळाची पाळी तो करतो, माकडे तो हाकलतो, कलमांना खत तो घालतो. कर्ज काढायला किंवा घर नव्याने बांधायला जेव्हा सह्या लागतात, तेव्हा पन्नास जणांच्या दारात तो जातो.

तेव्हा आमचे आणि क्लेअरचे साम्य सांगताना एक भेद नीट सांगितला पाहिजे. तिकडे नाव एकाचे आणि वनवास बाकीच्यांचा. इकडे नावे सगळ्यांची आणि कष्ट एकाचे. तिकडे गेलेल्याला वाटते आपल्याला काही मिळाले नाही. इकडे राहिलेल्याला वाटते, आणि रास्तच वाटते, की आपण दुसऱ्यांची मालमत्ता फुकट राखतो आहोत. म्हणून गणपतीला मुंबईची किंवा परदेशाची मंडळी उतरली, की घर गजबजते, भजने होतात, मोदक होतात, आणि तिसऱ्या दिवशी पडवीत कोणीतरी हळूच विषय काढतो.

याच जिल्ह्यात, मालवण तालुक्यातल्या वराड गावात, २०१९ च्या डिसेंबरच्या अखेरीस आयर्लंडचे तेव्हाचे पंतप्रधान लिओ वराडकर कुटुंबासह आले. वडील मुंबईचे डॉक्टर, १९६० च्या दशकात विलायतेला गेलेले. आई वॉटरफर्ड परगण्यातली. गावाने सत्कार केला, भेट खाजगी होती तरी बातम्या झाल्या. मला त्यात गंमत वाटली ती ही, की ज्या देशाने जवळजवळ साठ वर्षे अमेरिकेच्या अध्यक्षांना पूर्वजांच्या अंगणात चहा पाजला, त्याच देशाचा पंतप्रधान आता स्वतः ‘परदेशचा पाहुणा’ होऊन कोकणातल्या अंगणात उभा होता.

या सगळ्या भेटी शेजारी शेजारी ठेवल्या की एक नियम दिसतो, आणि तो स्नेह्यांच्याही कामाचा नाही आणि माझ्या मूळ बाजूच्याही. नाते जितके लांबचे, तितके स्वागत जोरात. आठव्या पिढीच्या ओबामांना गावाने डोक्यावर घेतले, कारण ते शेताचा बांध मागायला येणार नव्हते. मॉरिशसचा मराठी माणूस घ्या. १८३४ पासून तिथे उसाच्या मळ्यांवर करारबद्ध मजूर नेले गेले, त्यांत मुंबई बंदरातून गेलेले कोकणातले होते. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत त्यांच्या नोंदवह्या आहेत: नाव, बापाचे नाव, गाव, आणि पुढच्या काळातल्या नोंदींना छायाचित्रेही. त्या नोंदीची प्रत घेऊन कोणी रत्नागिरीच्या एखाद्या गावात येतो, तेव्हा नेमके घर सापडणे कठीण. उताऱ्यावर त्याचे नाव असण्याचा प्रश्नच नाही. म्हणूनच गाव त्याला निर्धास्तपणे मिठी मारू शकतो. हिशेब संपला की माया मोकळी होते. सख्ख्या चुलत भावाची माया मात्र हिशेबाच्या कागदांतून वाट काढत येते, त्यामुळे तिला वेळ लागतो, आणि ती आली तरी टोमण्याच्या रूपात येते.

स्नेह्यांना अनोळखी माणसे का आवडतात, हेही यावरून उलगडते. अनोळखी माणूस स्वस्त पडतो. तो हसतो, चहा देतो, छायाचित्रात उभा राहतो. आपण त्याचे काही लागत नाही, याचा आनंद दोघांनाही होतो. यात वाईट काही नाही. पण त्याला जगाशी भिडणे म्हणायचे, आणि आपल्या वाट्याची कौले परतणाऱ्या माणसासमोर बसणे याला घरकोंबडेपणा म्हणायचे, हे मला पटत नाही.

तरी स्नेह्यांचे एक म्हणणे मी आता मान्य करतो, पहिल्या पानावर केले नसते. ही भेट म्हणजे प्रवास नव्हेच. प्रवासात जाणारा आपल्या सोयीने जातो आणि निघतो. इथे दुसरी बाजूही आहे, आणि तिला येण्याची सोय नाही. आमचा चुलत भाऊ भाचीकडे क्लेअरला जायचे म्हणाला, तर कांटचे कलम त्याच्यापुढे व्हिसाच्या अर्जाच्या रूपात येते: निमंत्रणपत्र, नात्याचा पुरावा, बँकेचे सहा महिन्यांचे उतारे, आणि हा माणूस परत येईल याची खात्री पटवणारे कागद. त्याच वेळी बोस्टनमधल्या एखाद्या माणसाचे आजी-आजोबांपैकी एक जण जरी आयर्लंडमध्ये जन्मले असले, तरी नोंदवहीत नाव घालून तो आयरिश नागरिक होऊ शकतो. पृथ्वी गोल आहे खरी, पण ती एका बाजूला उतरती झाली आहे. भेटीचा हक्क गेलेल्याकडे गेला, आणि राहिलेल्याकडे पाहुणचाराचे कर्तव्य उरले. इरावती कर्व्यांनी आपल्या नातेव्यवस्थेचा नकाशा १९५३ साली मांडला, त्यात कोणी कोणाला मुलगी द्यायची याचे विभाग होते. आज कोणी नवा नकाशा काढला, तर कोण कोणाकडे जाऊ शकतो आणि कोण फक्त वाट पाहू शकतो, असे विभाग पाडावे लागतील.

मग करायचे काय? गॅदरिंग भरवून हे सुटत नाही, बर्नसारखे रागावूनही सुटत नाही. भावनेच्या पुराने तर मुळीच नाही. पूर ओसरला की बांध आणखी पुसट होतो. माझे उत्तर रुक्ष आहे. जवळच्या नात्यात भेटीला जायचे ते कागद घेऊन जायचे. क्लेअरच्या विहीणबाईंनी पहिल्या तासाभरात जे विचारले, ते आम्ही तीस-तीस वर्षे गणपतीला जाऊन एकमेकांना विचारत नाही, आणि न विचारण्यालाच जिव्हाळा म्हणतो.

आमच्या घरात सध्या यावर दोन पक्ष आहेत. मी म्हणतो, हक्कसोडपत्रावर सही करून टाकावी. ज्याने घर राखले त्याचे ते असावे. बायको म्हणते, वाटणी करून हिस्सा घ्यावा आणि त्या हिश्श्याचे काम अंगावर घ्यावे. तिचा मुद्दा असा, की हक्क सोडून दिला की आपण तिथे कांटचे परके होणार: येऊन भेटता येईल, कोणी शत्रूसारखे वागवणार नाही, पण घरचे म्हणून राहायचे तर यजमानाच्या मर्जीवर. हिस्सा ठेवला तर दर मेमध्ये जावे लागेल, शिडी धरावी लागेल, आणि चुलत भावाशी भांडायचा अधिकार शाबूत राहील. हा अधिकार म्हणजेच नाते, असे तिचे मत. मला ते दिवसेंदिवस पटू लागले आहे, फक्त गुडघे तयार नाहीत.

दोन्ही मार्गांत काहीतरी द्यावे लागते, जमीन तरी किंवा अंगमेहनत तरी. तिसरा मार्ग आज सर्रास चालू आहे: उताऱ्यावर नाव ठेवायचे, शिडीवर दुसऱ्याला चढवायचे, आणि पुण्याहून काय किंवा टोरांटोहून काय, चार दिवस येऊन पडवीत फोटो काढून आपली मुळे सापडली म्हणून सांगायचे. त्याला प्रवास म्हणा, नाते म्हणा, वारसा म्हणा. तो बंद झाला पाहिजे, आणि तो बंद करण्याचे काम राहिलेल्यांचे नाही, गेलेल्यांचे आहे.